सिनेमा आणि गेमिंगसाठी कमी बजेटमधला मॉनिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मी कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. मॉनिटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात येतो तो मोबाईलवर दोन-तीन मॉडेलचे फोटो घेऊनच, आणि पहिला प्रश्न ठरलेला: 'यातला कुठला घेऊ?' त्यावर मी दोन गोष्टी विचारतो. घरी कॉम्प्युटर कुठला आहे, आणि मॉनिटर कोणत्या खोलीत ठेवणार? एवढं कळलं की निम्मी मॉडेलं तिथंच गळतात. डब्यावरचे आकडे त्यानंतर बघायचे.

इथं घेतलेले प्रश्न परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर, जालना भागातल्या गिऱ्हाइकांचे आहेत. बजेट म्हणजे साधारण सात ते पंधरा हजार रुपये धरलं आहे.

दहा हजारांच्या आसपास सिनेमा आणि गेम, दोन्हींना चालेल असा मॉनिटर येतो का?

येतो, आणि चांगला येतो. २४ इंची (डब्यावर २३.८ लिहिलेलं असतं), फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलचा, आयपीएस किंवा व्हीए पॅनलचा (पडद्याचे हे दोन प्रकार, फरक खाली सांगितला आहे) आणि किमान १०० हर्ट्झचा (स्क्रीनवर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) घ्या. याच किमतीत १४४ ते १८० हर्ट्झचेही सापडतात, सणासुदीच्या सेलमध्ये जास्तच. यापेक्षा मोठा किंवा जास्त पिक्सेलचा हवा असेल तर आधी ग्राफिक कार्ड (कॉम्प्युटरमधला गेमचं चित्र बनवणारा भाग) काय आहे ते बघावं लागेल, त्याबद्दल पुढे आहे.

आयपीएस घेऊ की व्हीए?

सगळ्यात जास्त विचार याच प्रश्नावर करा. पैसे जवळपास सारखेच लागतात, पण चित्रात फरक मोठा पडतो.

एलसीडी मॉनिटरच्या मागे दिवा कायम चालू असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे पुढच्या पॅनलने तो उजेड अडवायचा. आयपीएस पॅनल साधारण हजारात एक भाग उजेड गळू देतं, म्हणून त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, १०००:१ लिहितात. व्हीए पॅनल तीन हजारात एक भाग सोडतं, म्हणजे ३०००:१. दुकानात ट्यूबलाइटखाली हा फरक दिसतच नाही. अंधारात मात्र लगेच दिसतो.

माझं आजोळ जिंतूर तालुक्यात आहे, जुनं माळवदाचं घर. भिंती हातभर जाड, आतल्या खोलीत भर दुपारी बल्ब लावावा लागतो. मामेभावाला मी दुकानात पसंत केलेला आयपीएस मॉनिटर दिला होता. रात्री त्याच्या खोलीत सिनेमा लावला तेव्हा चित्राच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात त्या राखेसारख्या दिसत होत्या, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात कुणी मागून बॅटरी धरावी तसा पिवळट उजेड. मॉनिटरमध्ये बिघाड काहीच नव्हता. त्या खोलीला तो पॅनल चुकीचा होता आणि निवड माझी होती. नंतर तिथं व्हीए लावला, पट्ट्या भिंतीच्या अंधारात मिसळून गेल्या.

त्या पट्ट्या छोट्या नसतात हेही लक्षात घ्या. मॉनिटरची चौकट १६:९ असते आणि पुष्कळ सिनेमे २.३९:१ इतके रुंद असतात. २४ इंची स्क्रीनची उंची साधारण ३० सेंटिमीटर, त्यात चित्र येतं २२ सेंटिमीटरचं. उरलेला भाग वर-खाली काळा, जवळपास चार-चार सेंटिमीटर. म्हणजे दोन तास डोळ्यासमोर पाव स्क्रीन काळीच असते. ती काळी दिसते की करडी, याने सिनेमाचा रंग ठरतो.

मग सगळ्यांनीच व्हीए का घेऊ नये? दोन कारणं आहेत. स्वस्त व्हीए पॅनलमध्ये गडद रंगाचे पिक्सेल जागे व्हायला वेळ घेतात. गेममध्ये अंधाऱ्या बोळातून झटकन मान वळवली की ओल्या काजळावर बोट फिरावं तसा काळा फराटा चित्रामागे ओढला जातो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे नेमबाजीचे गेम मनापासून खेळणाऱ्याला ते खटकतं. दुसरं, व्हीए बाजूने बघितला की रंग फिके पडतात. एकटा माणूस समोर बसून बघत असेल तर हरकत नाही, पण जेवणं झाल्यावर चौघं जण दिवाणावर, खाली सतरंजीवर पसरून बघणार असतील तर कडेला बसलेल्याच्या वाट्याला धुवून निघालेलं चित्र येतं.

माझा सल्ला असा. रात्री दिवा मालवून सिनेमे बघणं हेच मुख्य काम असेल तर व्हीए. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा दार उघडं ठेवून ओसरीत बसत असाल, घरातले सगळे मिळून बघत असतील किंवा वेगवान गेम जास्त असतील, तर आयपीएस. उजेडाच्या खोलीत व्हीएचा खोल काळेपणा तसाही डोळ्याला कळत नाही.

टीएन पॅनल स्वस्त मिळतोय, घेऊ का?

नको. पॅनलच्या या तिसऱ्या प्रकारात वरून-खालून बघितलं की रंगच उलटतात. त्याचा एकमेव फायदा वेगाचा होता, आता तेवढा वेग आयपीएसमध्ये मिळतो.

२४ इंच की २७ इंच?

२७ इंची स्क्रीन क्षेत्रफळाने २४ इंचीच्या सव्वापट भरते, म्हणून सगळ्यांना ती हवीशी वाटते. पण फुल एचडी असेल तर पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच. २४ इंचात दर इंचाला ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचात ८२. हातभर अंतरावरून वाचायला बसलात तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. सिनेमात ते जाणवत नाही, एक्सेलची शीट उघडली की जाणवतं.

२७ इंचच हवा असेल तर २५६० × १४४० पिक्सेलचा घ्या, त्याला क्यूएचडी म्हणतात. तो पंधरा हजारांच्या आसपास सुरू होतो, पण खरा खर्च वेगळाच आहे. फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, क्यूएचडीत ३७ लाख. गेम खेळताना ग्राफिक कार्डावर पावणेदोन पट भार येतो. कार्ड जुनं असेल तर मॉनिटर नवा आणि गेम रखडत चाललेला, असं होतं. फुल एचडी सिनेमा क्यूएचडी स्क्रीनवर किंचित मऊ दिसतो, तेवढं चालून जातं.

माझं टेबल लहान आहे, चालेल का?

टेबलाची खोली मोजून घ्या. बाजारातल्या पुष्कळ स्टडी टेबलांची खोली दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर असते आणि मॉनिटरचा पायाच १८-२० सेंटिमीटर खातो. कीबोर्ड ठेवला की स्क्रीन नाकासमोर येते. मागे चार स्क्रूची भोकं असलेला मॉनिटर घ्या (७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर, स्पेसिफिकेशनमध्ये 'व्हेसा माउंट' लिहिलेलं असतं) आणि भिंतीवर लावा. माती-दगडाची भिंत असेल तर साध्या प्लगवर भरवसा ठेवू नका, सुताराकडून लाकडी पट्टी मारून घ्या आणि तिच्यावर स्टँड बसवा.

खाटेवर पडून सिनेमा बघायचा आहे. २७ इंच पुरेल?

नाही पुरणार. चित्र डोळ्यात भरल्यासारखं वाटायला स्क्रीनच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतर लागतं. २४ इंचीसाठी ते ८० सेंटिमीटर होतं, २७ इंचीसाठी ९०. सहा फुटांवरून तसं चित्र हवं असेल तर ५५ इंची टीव्ही लागेल. मॉनिटर ही खुर्चीत बसून बघायची वस्तू आहे. सहा फुटांवरून २४ इंचीवर सबटायटल वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

मग ३२ इंची स्वस्त टीव्हीच कॉम्प्युटरला जोडला तर?

हा विचार गावाकडे बरेच जण करतात आणि मागाहून हळहळतात. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा 'एचडी रेडी' असतो, म्हणजे १३६६ × ७६८ पिक्सेल. दर इंचाला फक्त ४९. चार हात लांबून क्रिकेट बघायला ठीक, पण टेबलावर ठेवला तर विंडोजची अक्षरं फुटलेली दिसतात. शिवाय टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करतो, त्यामुळे माउस हलवला आणि पडद्यावर हलला यात ढिलेपणा येतो. टीव्ही आधीच घरात असेल तर त्यात 'गेम मोड' चालू करून बघा, पण कॉम्प्युटरसाठी म्हणून नवा घेऊ नका.

हर्ट्झ किती हवेत?

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र घेते ते. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० ला १०, १४४ ला ६.९, १८० ला ५.६. बघा, ६० वरून १४४ ला गेलं की जवळपास १० मिलिसेकंदांचा फायदा होतो, आणि १४४ वरून १८० ला गेलं तर फक्त सव्वा-दीड. म्हणून १४४ पर्यंतचे पैसे सत्कारणी लागतात. त्यापुढच्या आकड्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजण्यापेक्षा ते चांगल्या पॅनलला द्या.

तुमचा कॉम्प्युटर तेवढी चित्रं बनवतो का, हे मात्र आधी तपासा. ग्राफिक कार्ड नसलेल्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर व्हॅलोरंट कमी सेटिंगला शंभराच्या वर पळतो, तिथं १४४ हर्ट्झचा उपयोग आहे. त्याच मशीनवर नवे मोठे गेम तीस-चाळीसवर अडखळतात, तिथं मॉनिटर कितीही वेगाचा असला तरी काही होणार नाही. गेम चालू असताना कोपऱ्यात एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं बनतात तो) आकडा लावा, दोन-तीन दिवस बघा, मग ठरवा.

फ्रीसिंक असलाच पाहिजे का?

हो, कमी ताकदीच्या मशीनला तर जास्तच. कार्ड कधी ५५ चित्रं देतं कधी ८०, आणि मॉनिटर आपल्या ठरलेल्या चालीने चालतो. दोघांचा मेळ बसला नाही की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. फ्रीसिंक किंवा अ‍ॅडाप्टिव्ह सिंक असलेला मॉनिटर कार्डाच्या चालीने चालतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तरी घाबरू नका. जानेवारी २०१९ पासून त्यांच्या १० मालिकेच्या आणि पुढच्या कार्डांवर हे डिस्प्लेपोर्ट केबलने (एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी दुसरी केबल) चालतं. किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालतं ती मर्यादा बघून घ्या. ४८ ते १४४ अशी रुंद असेल तर उत्तम.

सिनेमाला जास्त हर्ट्झचा उपयोग होतो का?

थोडा होतो, पण वेगळ्या कारणाने. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा असं दाखवावं लागतं. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा बारीक हिसके दिसतात ते यामुळे. १२० ला २४ ने पाच वेळा भाग जातो, १४४ ला सहा वेळा. सिनेमा बघताना विंडोजमध्ये यातला एखादा आकडा ठेवलात तर प्रत्येक चित्राला सारखा वेळ मिळतो. फक्त सिनेमेच बघत असाल तर यासाठी जास्त पैसे घालू नका.

१४४ हर्ट्झचा घेतला, पण काही फरकच वाटत नाही.

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मॉनिटर न बघताच अंदाज येतो. गंगाखेडहून एक मुलगा आला होता, बी.एस्सी.ला शिकणारा. सुट्टीत काम करून पैसे साठवले, मॉनिटर घेतला, आठ महिने वापरला. सगळं सामान घेऊन आला आणि म्हणाला, 'दादा, मला फसवलं वाटतं.' मी सेटिंग उघडली तर ६० हर्ट्झ. विंडोज बऱ्याचदा आपणहून ६० वरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले आणि तिथं रिफ्रेश रेट. १४४ निवडलं, त्याने माउस गोल फिरवला आणि बराच वेळ नुसता फिरवतच राहिला.

त्या यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा. अनेक मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट १०० किंवा १२० वर थांबतो, पूर्ण आकडा डिस्प्लेपोर्टवरच मिळतो, आणि डब्यात केबल मात्र एचडीएमआयची येते. घ्यायच्या आधीच विचारा: पूर्ण हर्ट्झ कुठल्या पोर्टवर? आणि केबल ग्राफिक कार्डालाच लावली आहे ना हेही बघा. मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली केबल मी कितीतरी वेळा काढून खाली लावली आहे. वीस-पंचवीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून असतं.

'१ एमएस' लिहिलेलं आहे, म्हणजे वेगवान ना?

एमएस म्हणजे मिलिसेकंद, पण आधी त्याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. 'जीटीजी' असेल तर पिक्सेल एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ, तोही सगळ्यात अनुकूल परिस्थितीत मोजलेला. 'एमपीआरटी' असेल तर तो मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला आकडा. तो मोड लावला की उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरवर तेव्हा फ्रीसिंक बंद पडतं. मेनूत 'ओव्हरड्राइव्ह' किंवा 'रिस्पॉन्स टाइम' नावाची सेटिंग मध्यम ठेवा. सगळ्यात वरची लावली तर हलणाऱ्या वस्तूमागे पांढरट भूत दिसायला लागतं.

डब्यावर एचडीआर आहे. सिनेमा भारी दिसेल का?

या बजेटमध्ये नाही. एचडीआर म्हणजे जास्त उजळ उजेड आणि जास्त गडद काळोख एकाच चित्रात दाखवणं. 'एचडीआर १० सपोर्ट' याचा अर्थ एवढाच की मॉनिटर तो सिग्नल घेतो. तो दाखवायला लागणारा उजेड २५०-३०० निट्सच्या (निट्स हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) पॅनलमध्ये नसतो. 'डिस्प्लेएचडीआर ४००' हे प्रमाणपत्रसुद्धा सुरुवातीच्या पायरीचं आहे, त्यात दिव्याचा भागाभागाने उजेड कमी-जास्त होणं सक्तीचं नाही. विंडोजमध्ये एचडीआर चालू करून रंग फिके झाले म्हणून माझ्याकडे आलेल्यांना मी ते बंद करून देतो.

रंगांसाठी काय बघू?

एकच ओळ शोधा, मॉनिटर किती रंग दाखवतो त्याची. ती एसआरजीबी किंवा एनटीएससी या मापात असते. एसआरजीबी ९५ ते ९९ टक्के असेल तर चांगलं. एनटीएससीमध्ये लिहिलं असेल तर ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या. त्यावर हळदीचा रंग फिका पिवळा दिसतो आणि माणसांचे चेहरे आजारी. रंगांचा उल्लेखच नसेल तर दुकानदाराला विचारा, कंपनीच्या वेबसाइटवर असतो.

फायर स्टिक, सेट टॉप बॉक्स किंवा प्लेस्टेशन चालेल का?

तिन्ही चालतात. फायर स्टिक आणि सेट टॉप बॉक्सला अडचण येते ती आवाजाची, कारण अनेक मॉनिटरमध्ये स्पीकरच नसतात. मागे ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं भोक आहे ना बघा, त्यातून स्पीकरला वायर जाते. प्लेस्टेशन ५ फुल एचडीला १२० हर्ट्झपर्यंत देतो, १४४ नाही, म्हणून फक्त त्याच्यासाठी घेत असाल तर १२० चालणारा एचडीएमआय पोर्ट असला की झालं.

जुन्या कॉम्प्युटरची व्हीजीए केबल वापरू नका. तिच्यातून आवाज जात नाही आणि ओटीटीवाल्यांना लागणारं कॉपी-संरक्षणही चालत नाही, त्यामुळे ते हलक्या दर्जाचं चित्र देतात किंवा पडदा काळाच ठेवतात.

मॉनिटरमधले स्पीकर पुरतात का?

दोन-दोन वॉटचे असतात. उन्हाळ्यात कूलर चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत. ते धरूच नका, साधे वेगळे स्पीकर किंवा हेडफोन घ्या.

आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं. काय काळजी घेऊ?

मॉनिटरला वीज फारच कमी लागते. २४ इंचीला २०-२५ वॉट धरा, रोज पाच तास चालला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. इन्व्हर्टरवर निवांत चालतो, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर असावं, म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर रिस्टार्ट होत नाही.

आपल्या भागासाठी मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: शक्य असेल तर बाहेर अ‍ॅडाप्टर असलेला मॉनिटर घ्या. बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण खेड्यात न्यूट्रल तुटला की घरात एकदम चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. तेव्हा बाहेरचा अ‍ॅडाप्टर जळतो आणि बहुतेक वेळा मॉनिटर वाचतो. अ‍ॅडाप्टर काही शे रुपयांत येतो. पॉवर सप्लाय आत असला तर मॉनिटर उघडावा लागतो, आणि आतला बोर्ड मिळेपर्यंत तो दुकानात पडून राहतो.

मे-जूनमध्ये वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि प्लगबरोबर डिश अँटेनाची वायरही काढा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. वीज छतावरच्या डिशच्या वायरीतून सेट टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआय केबलने मॉनिटरमध्ये. पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या टेबलावर एचडीएमआय पोर्ट गेलेले मॉनिटर येतात ते यामुळे. बाहेरून नवेकोरे दिसतात, चालूही होतात, फक्त 'नो सिग्नल'. घराला नीट अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या.

पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात चालेल का?

मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात परभणीत बाहेरच पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी बारा ते चार त्या खोलीत मॉनिटर बंद ठेवा. वापरायचाच असेल तर पत्र्याखाली थर्माकोलचं किंवा पीओपीचं छत करून घ्या, निदान वर पाचट टाका.

कूलरची हवा थेट मॉनिटरच्या पाठीवर येऊ देऊ नका. ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की जाळ्यांत चिखलासारखा थर बसतो, आतले बोर्ड गंजतात. कूलर बाजूला फिरवा. स्क्रीन पुसायला कोरडा मऊ कपडा, फार डाग असेल तर कपड्याला पाण्याचं बोट लावून. स्क्रीनवर पाणी किंवा काच पुसायचा स्प्रे थेट मारला की थेंब खालच्या कडेतून आत जातो आणि तळाशी उभ्या रेषा यायला लागतात.

मुलाला अभ्यासासाठी घेतोय, पण तो गेम खेळणार हेही माहीत आहे. डोळ्यांना कुठला बरा?

लातूरला बारावीला, नीटच्या तयारीला लेकरू ठेवलेले पालक हे नेमकं विचारतात, आणि काळजीने विचारतात. काका, त्याच्यासाठी २४ इंची आयपीएस घ्या, त्यावर 'फ्लिकर-फ्री' (मागचा दिवा लुकलुकत नाही) लिहिलेलं बघा आणि पाय उंच-खाली होणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. स्क्रीनची वरची कड त्याच्या डोळ्यांच्या रेषेत यावी, अंतर हातभर असावं. खिडकी किंवा दार मॉनिटरच्या समोर नको, पाठीमागेही नको, बाजूला असू द्या. रात्री खोलीतला दिवा पूर्ण बंद करून अभ्यास करू देऊ नका. लेक्चरच्या व्हिडिओला आणि पीडीएफला १०० हर्ट्झ भरपूर झाले, आणि गेमलाही तेवढ्यात गोडी येते.

ऑनलाइन घेऊ, गावातल्या दुकानातून, की हैदराबादहून आणू?

नांदेड, देगलूर, उदगीरची माणसं सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात, इकडची काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. तिथं निवड मोठी असते. पण एका मॉनिटरसाठी जाण्या-येण्याचा खर्च धरला तर फारसं वाचत नाही.

मी किमतीच्या आधी वॉरंटी बघायला सांगतो. नावाजलेल्या कंपन्या बहुधा तीन वर्षांची देतात. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिन कोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते शोधा, आणि माणूस घरी येतो की मॉनिटर नेऊन द्यावा लागतो ते विचारा. सेलू किंवा कळमनुरीहून छत्रपती संभाजीनगरला दोन खेपा झाल्या तर आठशे रुपयांची बचत एसटीतच जाते. त्यामुळे शे-पाचशे जास्त घेणारा पण पुढे स्वतः धावपळ करणारा गावातला दुकानदार असेल तर मी त्याच्याकडून घेईन. पक्कं जीएसटी बिल घ्या, १८ टक्के कर त्यात धरलेला असतो. कच्च्या बिलावर वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. मागच्या स्टिकरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा बघता येतो.

बाहेरगावाहून आणायचाच झाला तर डबा उभाच ठेवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवा टाकला आणि वर कुणाची कांद्याची पिशवी आली की काम संपलं. फुटलेली स्क्रीन कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

जुना मॉनिटर घ्यावा का?

कंपन्यांतून निघालेले जुने आयपीएस मॉनिटर कधीकधी उत्तम असतात, सिनेमाला तर छानच. पण ते बहुधा ६० हर्ट्झचे असतात. चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग पांढरं पान उघडा. कडा पिवळसर असतील किंवा मध्ये ढगासारखा डाग असेल तर सोडून द्या. चौकोनी १९ इंची आणि १३६६ × ७६८ वाले फुकट मिळाले तरच.

वक्र स्क्रीन घेऊ का?

२४ आणि २७ इंचात वक्राचा काही फायदा मला जाणवलेला नाही. पॅनल चांगला असेल तर वक्र असला म्हणून नाकारू नका.

घरी आल्यावर डबा उघडताना काय तपासू?

ऑनलाइन मागवला असेल तर डब्याच्या सील-पट्टीपासून चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. चालू झाल्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच कोरे फोटो पूर्ण स्क्रीनवर लावा. वेगळ्या रंगाचा टिंब दिसला तर तो मेलेला पिक्सेल. एक-दोन मेलेल्या पिक्सेलला बहुतेक कंपन्या दोष मानत नाहीत, पण ऑनलाइन दुकानांची बदलून देण्याची मुदत साधारण आठवडाभर असते, तेवढ्यात कळवलं तर काम होतं. काळा फोटो रात्री दिवा मालवून बघा, कोपऱ्यांतला गळका उजेड तेव्हाच दिसतो. डबा आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

आणि सेटिंग?

मॉनिटर कारखान्यातून दुकानाच्या उजेडासाठी म्हणून भडक करून आलेला असतो. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा, रंगाचं तापमान ६५०० के किंवा 'वॉर्म' ठेवा. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग करडा आणि सगळं धुरकट दिसत असेल तर पॅनलला दोष देण्याआधी ग्राफिक कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन आउटपुट रेंज 'लिमिटेड' वरून 'फुल' करा. एका क्षणात धूर निघून जातो.

ब्राइटनेससाठी मी मुलाच्या वहीचं कोरं पान वापरतो. पान स्क्रीनशेजारी धरायचं, स्क्रीनवरही कोरं पांढरं पान उघडायचं आणि स्क्रीन दिव्यासारखी न दिसता शेजारच्या कागदासारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्यायचा. दिवसा तो चाळीस-पन्नासवर येऊन थांबतो. रात्री सिनेमा लावायच्या आधी आणखी खाली, वीसच्या आसपास घ्या.